पटलं त्यानं घरी जावं

२०२३ साली मी एकाहत्तर वर्षांचा होतो आणि दुसऱ्यांदा शाळेत गेलो. पहिली शाळा तिसरीत सुटली. लोक म्हणतात मास्तरांनी मला हाकललं. ते खोटं आहे. मास्तर म्हणाले, शाळा म्हण. मी म्हटलं, शाला. त्यांनी छडी मारली आणि परत म्हणायला लावलं, मी परत शालाच म्हटलं. आमच्या घरात, आळीत, बंधाऱ्यावर सगळे शालाच म्हणतात, आणि म्हणून ती इमारत काही पडली नाही. आणखी एक छडी बसल्यावर मी पाटी उचलली आणि घरी आलो. म्हणजे शाळा मी सोडली, शाळेनं मला नाही. त्या दिवशी ठरवलं की वर्गात पुन्हा तोंड उघडायचं नाही. पुन्हा वर्गात बसायची पाळी येईल हे तेव्हा कुणाला ठाऊक.

आमचं गाव रेवसच्या अलीकडे, खाडीच्या अंगाला. माझी थोडी भातशेती, आणि बाकी जन्म रेवसच्या धक्क्यावर गेला. भाऊच्या धक्क्याहून लाँच आली की तिचा दोर पकडायचं काम माझं. इंजिनाच्या वर आवाज काढून खलाशाशी बोलावं लागायचं, त्यामुळे माझा गळा मोठा. ग्रामसभेत मला माइक देत नाहीत, कारण लागत नाही. असा मी माणूस, आणि वर्गात बसलो की दगड. हे बाईंना समजेना आणि सोसवेनाही.

या बाई कोण ते सांगतो. गावात अडाण्यांसाठी संध्याकाळचा वर्ग निघाला, त्याला शिकवायला त्या आल्या. साठीच्या, नोकरीतून निवृत्त, लग्न न केलेल्या, पंजाबी ड्रेस घालणाऱ्या आणि स्कूटर चालवणाऱ्या. गावाला बोलायला एवढं पुरलं. स्कूटर त्या इतकी वाईट चालवायच्या की पहिल्याच दिवशी शाळेच्या फाटकाला धडकल्या, आणि उठून फाटकालाच म्हणाल्या, "बघून उभं राहायला काय होतं?" धर्मा माझ्या शेजारी उभा होता. धर्मा म्हणजे माझ्या बरोबरीचा, आमची शेतंही लागून. तो म्हणाला, "ही आपल्याला शिकवनार?"

वर्गात आल्या तर डोक्यावर हेल्मेट तसंच. काच खाली. घडीची खुर्ची त्या स्वतःची आणायच्या, ती उघडून फळ्यासमोर बसल्या आणि गप्प. आम्ही वीसेक माणसं सतरंजीवर, तेही गप्प. बराच वेळ गेला. शेवटी कमळाआजी, आमच्यातली सगळ्यात म्हातारी, म्हणाली, "बाई, उकडत नाय का तुमाला?"

बाईंनी लगेच हेल्मेट काढलं. "उकडत होतं," म्हणाल्या. "पण वर्गातला कोणी बोलल्याशिवाय मी हे काढत नाही. माझी पद्धत आहे."

ती पद्धत शेवटपर्यंत राहिली. एकदा चैत्राच्या उकाड्यात आम्ही मुद्दाम कोणी बोललो नाही, बघू या म्हटलं बाई किती टिकते. काचेवर आतून वाफ धरली. मग आमच्याच बायकांना दया आली.

त्यांची दुसरी पद्धत याहून वाईट. पहिल्या दिवशी त्या म्हणाल्या, "शिक्षण चांगलं असतं. पटलं का?"

सगळे म्हणाले, "हो बाई."

"पटलं ना? मग घरी जा. ज्याला पटलं त्याचं इथं काय काम? ज्याला पटलं नाही त्यानं बसावं, आणि का पटलं नाही ते बोलावं. आणि एकदा बाहेर गेला तो त्या दिवशी परत आत यायचा नाही."

दिवसभर शेतात वाकलेली माणसं. त्यांना हे देवानं दिल्यासारखं झालं. पहिला आठवडा बाई काहीही म्हणोत, सगळे पटलं म्हणून चपला घालून बाहेर, आणि मी तोंड न उघडता त्यांच्या मागून. सूर्य पूर्वेला उगवतो, पटलं. स्वच्छता पाळावी, पटलं. दारू वाईट, हे तर धर्माला सगळ्यात आधी पटलं, आणि तो उठून सरळ दारूच प्यायला गेला. बाई एकट्या खुर्चीत बसून फ्लास्कमधला चहा प्यायच्या. तो चहा त्यांनी कधी कुणाला घोटभर दिला नाही, हेही इथं लिहून ठेवतो.

मग एके दिवशी त्या आल्या, हेल्मेट निघालं, आणि म्हणाल्या, "पोपटी म्हणजे दुसरं काय, उंधियूच. मीठ न्यायला गुजराती व्यापारी इकडं यायचे, त्यांनी तुम्हाला शिकवलं. पटलं का?"

आमच्या भागाबाहेरच्यांसाठी सांगतो. थंडीत वालाच्या शेंगा भरल्या की मडक्यात भांबुर्डीचा पाला घालतात, त्यात शेंगा, अंडी, कोंबडी रचतात, मडकं उपडं ठेवून वरून पेंढा पेटवतात. ती पोपटी. तिला कोणी उंधियू म्हणावं आणि आपण ऐकून घ्यावं असा माणूस आमच्या तालुक्यात जन्मलेला नाही.

त्या दिवशी एकही माणूस घरी गेला नाही. कमळाआजी सतरंजीवरून उठून फळ्यापर्यंत गेली. "कोन गुजराती? कुठला गुजराती? माज्या आजीच्या आजीनं पोपटी लावली, तवा तुजा गुजराती नागडा फिरत व्हता."

"असं तुम्ही म्हणता," बाई म्हणाल्या. "पुरावा काय?"

"पुरावा? त्यात त्याल नाय. उंधियू त्यालात लोळतो. पोपटीत त्यालाचा थेंब नाय."

"हे बरं आहे. हे फळ्यावर लिहा."

आजीला लिहिता कुठं येतंय. बाईंनी खडू तिच्या हातात दिला, तिचा हात धरला, आणि तेल हा शब्द काढला. आम्हाला ग म भ न असं ओळीनं कोणी शिकवलंच नाही. भांडण होईल तो शब्द शिकायचा. मग पोपटी, मग मडकं, मग नागडा हाही शिकवला, कारण आजी तो सोडायला तयार नव्हती. मी वहीत पहिला पूर्ण शब्द लिहिला तो खोटारडी. तो बाईंनाच उद्देशून होता. त्यांनी बघितलं आणि र ला ड जोडून लिहिला होता तो सुटा करून दिला.

बाई हरल्या की ते वाक्य पुसायच्या. डस्टर शाळेत होतं, पण त्या ओढणीनं पुसायच्या. ओढणी नेहमी खडूनं पांढरी. हरल्यावर त्यांचा चेहरा असा व्हायचा की जणू मोठी मासळी लागली गळाला. आणि जिंकल्या की चिडायच्या. "एवढं साधं खोटं पाडता येत नाही तुम्हाला? घरी काय बोलता का नाही एकमेकांशी?"

वर्गात हात वर करायला बंदी. धर्मानं एकदा केला तर म्हणाल्या, "हात कोण वर करतं? ज्याला जबाबदारीतून सुटायचंय तो. बोलायचं असेल तर बोला." बरोबर हा शब्द बंद. हो बाई बंद. आणि जो बोलायचाच नाही त्याला त्या पाहुणा म्हणायच्या. "पाहुण्यांना खुर्ची द्या."

पाहुणा मी एकटाच होतो. पहिले काही दिवस आणखी दोघंतिघं होते, पण पोपटीत ते वितळले. मी नाही. त्यामुळे शाळेतली निळी प्लास्टिकची खुर्ची रोज माझ्यासाठी मांडली जायची, आणि बाकी सगळे सतरंजीवर. बाईंना वाटायचं मला लाज वाटेल. मला कशाला लाज? माझे गुडघे दुखतात. महिनोन्महिने मी त्या खुर्चीत पाय पसरून बसलो. बाकीचे खाली बसून भांडायचे आणि मी वरून बघायचो, सरपंचासारखा.

बाई मधूनच माझ्याकडे वळायच्या. "पाहुण्यांचं काय मत?"

मी छताकडे बघायचो.

"पाहुण्यांना पटलंय का?"

पटलं म्हणालो तर घरी जावं लागणार, नाही म्हणालो तर बोलावं लागणार. मी काहीच म्हणायचो नाही. ह्या दोन्हींच्या मध्ये एक जागा आहे, ती मी शोधून काढली होती. बाईंना ती जागा ठाऊक नव्हती.

आमची ही मात्र बोलायची. लग्न झाल्यापासून घरात हिचा आवाज मला कधी मोठा वाटला नव्हता. वर्गात समजलं की तो खलाशाच्या जातीचा आहे. बाई काही म्हणोत, हिला पटायचं नाही. एकदा बाई म्हणाल्या की सुकट उन्हापेक्षा सावलीत चांगली वाळते, तर हिनं त्यांना असं फाडलं की बाईंनी दोन्ही टोकांनी ओढणी घेऊन फळा पुसला. घरी येताना मी म्हटलं, "लयच बोलतीस." ही म्हणाली, "तितं इचारतात." मला तेव्हा त्यात काही ऐकू आलं नाही.

साहेब आले होते ते सांगायलाच हवं. तालुक्याहून की जिल्ह्याहून, मोठे साहेब होते, वर्ग तपासायला. सोबत फोटो काढणारा. साहेबांनी हार घेतला, नारळ घेतला, आणि बोलायला उभे राहिले. चांगलं बोलले. शिक्षणानं माणसाचं जीवन उजळतं, महिला शिकली की घर शिकतं, तुमच्यासारखे ज्येष्ठ शिकतात हे बघून माझे डोळे भरून येतात, असं. खरंच रुमाल काढला. आम्ही सगळे माना हलवत होतो.

भाषण संपलं तशा बाई उभ्या राहिल्या. "पटलं का?"

साहेबांचं मन मोडायचं कोणाच्या मनात नव्हतं. सगळे एका आवाजात म्हणाले, "पटलं." आणि पद्धतच ती. वीसच्या वीस माणसं उठली, चपला घातल्या आणि घरी गेली. कमळाआजी जाताना साहेबांच्या पाया पडून गेली. मी खुर्चीतच होतो, कारण मी काही म्हटलं नव्हतं. म्हणून पुढचं मी एकट्यानं ऐकलं.

साहेब म्हणाले, "हे काय? हे कुठं गेले?"

"घरी," बाई म्हणाल्या. "तुमचं म्हणणं इतकं बिनतोड होतं की बोलायला काही उरलंच नाही."

"आणि हे?" साहेबांनी माझ्याकडे बोट केलं.

"हे पाहुणे आहेत. तुमच्यासारखेच."

फोटोत मी आणि साहेब दोघंच आहोत, दोघंही खुर्चीवर. तो फोटो पंचायतीत लावलाय. खाली लिहिलंय प्रौढ साक्षरता वर्ग. बघणाऱ्याला वाटतं मी तपासायला आलोय.

बाईंवर गावात सगळे खूश होते असं समजू नका. पुष्कळांना त्या आगाऊ वाटायच्या. घरोघरच्या बायका उलट बोलायला लागल्या याचं खापर त्यांच्यावर फुटलं, आणि त्यात तथ्य होतं. गणितात तर त्या आमच्याहून कच्च्या. सुट्टे पैसे मोजताना बोटं वापरायच्या. परीक्षा झाली, वर्ग संपला, आणि त्या गेल्या. जाताना फाटकाला पुन्हा घासून गेल्या. निरोपाचा समारंभ ठेवला होता त्याला आल्या नाहीत, कळवलं की तिथं सगळे माझ्याबद्दल चांगलंच बोलणार, मग मला घरी जावं लागेल. आता कुठं असतात ते मी विचारलेलं नाही.

पण माझं तोंड त्यांनी उघडलं, आणि ते कसं, हे गावात चुकीचं सांगतात. म्हणून मी लिहितो.

माझा मुलगा न्हावा शेव्याच्या बंदरात कामाला आहे, उलव्याला त्याचा फ्लॅट. दिवाळीनंतरच्या एका रविवारी तो आला आणि जेवताना म्हणाला, "बाबा, तुम्ही दोगं आता तिकडंच या राहायला. हितं दोन म्हातारी मानसं, कोनाला काय झाला तर?"

मी घास गिळायच्या आधी उत्तर दिलं. "आमी येनार नाय. मानसानं जनमला तितंच मरावा."

तो म्हणाला, "बरं."

ही चुलीपाशी तांदळाची भाकरी थापत होती. तिचा हात चालूच होता. विषय तिथं संपला. मला ते वाक्य आवडलं, म्हणून दुसऱ्या दिवशी मी ते दुकानात सांगितलं, धक्क्यावर सांगितलं, एसटीच्या थांब्यावर सांगितलं. चांगलं वाक्य माणसाला रोज सुचत नाही. संध्याकाळपर्यंत ते वर्गात पोचलं.

बाईंनी हेल्मेट काढलं आणि फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं: माणसाने जन्मला तिथेच मरावे.

"हे मला अगदी मान्य आहे," त्या म्हणाल्या. "घर, शेत, देव, सगळं सोडून पोराच्या दारात जाऊन पडायचं, ही काय रीत झाली? आता सांगा. कोणाला पटलं?"

माझं वाक्य. फळ्यावर. आणि बाईंना मान्य. महिनोन्महिने मी त्या खुर्चीत छताकडे बघत काढले होते, पण आता गप्प बसणं म्हणजे स्वतःच्याच वाक्याला ओळख न देणं. मी उठलो आणि म्हणालो, "पटला."

बाईंनी मान झुकवली. धर्माही उठला, मग बाकीचे पुरुष उठले. सगळ्या पुरुषांना पटलं. आम्ही चपला घालून अंगणात आलो आणि रोजच्यासारखे घरच्या मंडळींची वाट बघत उभे राहिलो.

एकही बाई बाहेर आली नाही.

धर्मा म्हणाला, "ह्यांना काय झाला?"

आतून कमळाआजीचा आवाज आला. "बाई, मी जनमले चौलला. आता मरायला परत चौलला जाव का? भाऊ तर कवाचे गेले. दार कोन उघडंल?"

आत सगळ्या हसल्या. मग दुसरी बोलली, ती पोयनाडची. तिसरी सासवण्याची. एकीचं माहेर मुरुडला, ती म्हणाली मना तर दोन एसटी बदलून मरायला जावा लागंल. वर्गातली एकही बाई आमच्या गावात जन्मलेली नव्हती. असणार कशी? गावातल्या लेकी बाहेर दिल्या, बाहेरच्या इथं आणल्या. हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. पण एका खोलीत एकदम असं ऐकलं नव्हतं.

मी खिडकीपाशी गेलो. धर्मा म्हणाला, "चल, बिडी वढू," आणि बाकीच्यांना घेऊन पारावर गेला. मी एकटा गजांशी उभा राहिलो.

मग आमची ही बोलायला लागली. तिची पाठ माझ्याकडे होती.

"मी या गावात आले तवा मना रस्ता बी ठाव नव्हता. कोनी इचारला नाय, येतीस का. तवा तशीच रीत, त्याचा काय नाय. आता आमच्या आलीच्या कोपऱ्यावर नल आलाय, पाटंच्या अंधारात पानी येतं, तासभर. मी भरतंय. आमच्या घरातलं मानूस तवा घोरत असतं. घोरू दे. घरात बोलायला दुसरा कोन नाय. ह्यांच्यापेक्षा भिंत बरी, भिंतीवरची पाल तरी मदी चुकचुकती."

हसल्या सगळ्या. ही हसली नाही.

"रविवारी पोरगा आला. त्यानं ह्यांना इचारला, येता का. ह्यांनी पोराला सांगितला, आमी येनार नाय. आमी. मी तितंच भाकरी थापीत व्हते. दोगांनी बी माज्याकडं बगितला नाय. भाकरी मात्र दोगांनी घेतली."

बाईंनी विचारलं, "मग तुम्हाला जायचंय की राहायचंय?"

"ता मी हितं कशाला सांगू?" ही म्हणाली. "ज्यानं इचाराचा त्यानं इचारला तर सांगीन."

माझ्याच्यानं राहवलं नाही. मी गजांतून ओरडलो, "कोन बोलला मी इचारत नाय?"

सगळ्या वळल्या. ही वळली नाही.

बाई शांतपणे म्हणाल्या, "बाहेरच्यांना बोलता येत नाही. तुम्हाला पटलंय."

"ता वाक्य माझाच हाय."

"म्हणूनच तुम्हाला पटलं. घरी जा."

"मना आत येयाचाय."

"गेलेला परत येत नाही." मग त्यांनी थोडा विचार केला. "एक होऊ शकतं. आधी पटलं होतं, आता पटत नाही, असं म्हणणाऱ्यासाठी मी नियम केलेला नाही. तसं कोणी आजवर म्हटलंच नाही."

मी तिथं उभा राहिलो. जन्मात बोललेलं मागं घेतलं नव्हतं मी. छडी खाल्ली, शाळा सोडली, पण शालाचं शाळा केलं नव्हतं. आणि आता एवढ्या बायकांच्या देखत, खिडकीच्या बाहेरून, स्वतःचंच वाक्य नाकारायचं. कमळाआजी म्हणाली, "जाऊ दे रं बाबा, घरी जा, थंडी हाय." तिनं हे म्हणायला नको होतं. मला कोणी जा म्हटलं की माझे पाय जड होतात.

"मना नाय पटला," मी म्हणालो.

"मग आत या. आणि काय पटलं नाही ते सांगा."

मी आत गेलो. खुर्चीकडे नाही गेलो, फळ्याकडे गेलो. वाक्य वाचलं. अडखळत वाचलं पण मनात वाचलं, त्यामुळे कोणाला कळलं नाही. आणि मला त्यात एक फट दिसली. स्वतःचं म्हणणं न सोडता आत येता येईल एवढीच.

"हितं लिवलाय जन्मला," मी म्हणालो. माझा आवाज खोलीला मोठा होता. "जन्मली नाय लिवलेला. मी हितं जनमला, मी हितं मरंन. माज्यापुरता वाक्य खरा हाय. पन ही ह्या वाक्यात बसत नाय. हिला ता लागू नाय. मी पोराला आमी म्हटला, तितं मी म्हनाया पायजे व्हता. येवडीच चूक. बाकी वाक्य चांगला हाय."

बाईंनी खडू पुढं केला. मी खाली लिहिलं: बायकांना लागू नाय. नायच लिहिलं. बाईंनी ते बघितलं आणि त्याचं नाही केलं नाही. ओढणीनं वरचं वाक्य मात्र पुसलं, आणि त्यांच्या चेहऱ्यावर ती मासळीवाली चमक आली.

"ती खुर्ची उचलून भिंतीला लावा," त्या मला म्हणाल्या. "येताजाता पायात येते."

मी सतरंजीवर बसलो. गुडघे दुखले. ते पुढं वर्ग संपेपर्यंत रोज दुखले, आणि बोलल्याशिवाय मी एक दिवस राहिलो नाही. गावात सांगतात की बायकोनं त्याला सगळ्यांच्या समोर हरवलं. मी हरलो नव्हतो. वाक्यात दुरुस्ती झाली होती.

घरी येताना ही बॅटरी घेऊन पुढं, मी मागं. वर्गात एवढी बोलली, वाटेत एक शब्द नाही. मीही नाही. काय बोलणार? विचारायचं तर ती सांगणार, आणि ती काय सांगेल ते मला ठाऊक नव्हतं. दोर पकडताना लाँच कुठं लागणार ते दिसत असतं. इथं काही दिसत नव्हतं. मी जेवलो आणि झोपलो. म्हणजे डोळे मिटून पडलो, आणि घोरण्याचा आवाज मुद्दाम काढला, तिला काही कळू नये म्हणून.

दुसऱ्या दिवशी पहाटे तिच्या आधी मी उठलो, हंडा आणि कळशी घेतली आणि कोपऱ्यावरच्या नळावर गेलो. मी मनाशी हिशेब केला होता. पाण्याच्या त्रासापायी ती उलव्याला जाणार म्हणत असेल तर पाणी आपण भरायचं, कारणच काढून घ्यायचं, म्हणजे विचारायचा प्रश्न येत नाही. नळावर बायका होत्या. मला बघून त्यांनी रांग थांबवली. शेजारच्या घरची सून म्हणाली, "तात्या, काकी बरी हाय ना?"

"बरी हाय."

"मंग?"

"मंग काय? पानी आलाय ना?"

हंडा कमरेला घेतला तर तो तिथं राहीना. बायकांना तिथं काहीतरी असतं, आम्हाला नसतं. खांद्यावर घेतला, अर्धा अंगावर आला. मागं हसत होत्या, मी वळून बघितलं नाही. घरापाशी आलो तर ही दारात उभी. केस बांधायचे राहिलेले, हात कमरेवर.

"ह्यो काय परकार?" ती म्हणाली. "मी जाऊ नये म्हनून?"

मी भिजलेलो, खांदा आखडलेला, थंडीनं दात वाजत होते. मी खेकसलो, "तुला काय वाटता?"

मी ते भांडणात म्हणतात तसं म्हटलं होतं. पण तिनं माझ्या खांद्यावरून हंडा उतरवला, भिंतीशी ठेवला, आणि उंबऱ्यावर बसून शेजारची जागा हातानं झाडली.

"बसा," ती म्हणाली. "सांगतंय."

मी बसलो.